स्वस्त डिझेलचा हिशेब

कर्नाटकातल्या आळंदला चार ड्रायव्हर जमले की विषय ठरलेला: डिझेल कुठे स्वस्त? खजुरीच्या पुढे महाराष्ट्र लागतो. तिकडच्या गाड्या बरीच वर्षं टाकी भरायला आमच्याकडे येत. जून २०२४ मध्ये कर्नाटकने कर वाढवला, लिटरमागे तीनेक रुपये चढले, फरक आटला. विषय मात्र तोच राहिला.

माझी पिकअप सुगीत तुरीची पोती कलबुर्गीच्या अडतीला नेते. एका सुगीत तिचं अ‍ॅव्हरेज चौदावरून बारावर आलं. मिस्त्री म्हणाला, इंजिन खोलू, नोझल बघू. खर्च ऐकल्यावर मी म्हटलं, आधी ढकलून तरी बघू. सपाट रस्त्यावर, न्यूट्रलला, रिकामी गाडी हलेना. थोडी फिरवून आणली तर मागच्या एका चाकाचा ड्रम हात लावू देईना. शेतरस्त्याचा काळा चिखल वाळून हँडब्रेकची केबल अडकली होती आणि ब्रेक सुटतच नव्हता. साफसफाई झाली, अ‍ॅव्हरेज परत आलं. इंजिनाला कुणी हात लावला नाही.

आता हिशेब करा. बाराच्या अ‍ॅव्हरेजला शंभर किलोमीटरमागे जवळजवळ सव्वा लिटर जादा जळतं, म्हणजे शंभरेक रुपये. लिटरमागे तीन रुपयांचा फरक असता, तरी स्वस्त पंप गाठून तेवढ्याच अंतरात वाचले असते पंचवीस!

म्हणून ड्रम चाचपा, आणि टायरची हवा गाडी थंड असताना मीटरनेच बघा. रेडियल टायर पुरेशा हवेतही थोडा दबलेला दिसतो, डोळा फसतो. भरल्या गाडीचा आकडा वेगळा असतो. तो दरवाजाजवळच्या पट्टीवर लिहिलेला असतो.

वेगाचं म्हणाल तर साठावरून ऐंशीवर गेलं की हवेचा विरोध पावणेदोनपट होतो. आमच्या रस्त्यावर तसंही ऐंशी कशाला? पुढच्या गावाचा स्पीडब्रेकर आहेच. तो दिसला की पाय आधीच उचला, गाडी गिअरमध्येच राहू द्या. नव्या इंजिनात त्या वेळी इंधन बंद होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला जळतच राहतं. शिवाय ओढ्याच्या उतारावर पोती भरलेली गाडी न्यूट्रलला सोडणं म्हणजे सगळा भार ब्रेकवर.

एअर फिल्टरबद्दल मात्र फार ऐकू नका. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत फिल्टर तुंबला तर कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो. ओढ जाते, अ‍ॅव्हरेज फारसं हलत नाही. बदला, पण आमच्या धुळीपासून इंजिन वाचवायला.

अ‍ॅव्हरेजमधली घट मोजायची तर टाकी फुल ते टाकी फुल, त्याच पंपावर. मोटरसायकलवाल्यांनी एवढं धरून चालावं की पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे आणि लिटरभर इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच. तेवढी किरकोळ घट कुठलाही मिस्त्री भरून देणार नाही. ते इथेनॉल आमच्याच शिवारातल्या उसाचं असेलही, पण पंपावर त्याची सूट मिळत नाही.