साचा एकदाच, आखणी दरवेळी: मोशन टाइल आणि रिपीटरने दुकानाचा व्हिडिओ

मागच्या व्हिडिओनंतर वरसे-रोह्याकडच्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. स्क्रीनच्या कडेने सरकणारी नक्षीची पट्टी आणि मूर्तीमागे फिरणारी प्रभावळ कशी करायची? आणि ती मध्येच झटका का खाते? आज तेच शिकू. उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेऊ: पेणच्या गणपती कारखान्याचा बुकिंगचा व्हिडिओ.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत एका साच्यातून अनेक मूर्ती निघतात. पण गिऱ्हाईक मूर्ती निवडतं ते रंगकाम आणि डोळ्यांची आखणी बघून. सॉफ्टवेअरमधला प्रीसेट म्हणजे साचा. एकच काम शंभरदा करायचा त्रास तो वाचवतो. पण नक्षी कुठली, रंग कुठला, मजकूर काय, ही आखणी तुमचीच. फुकट डाउनलोड केलेला प्रीसेट जसाच्या तसा लावला, तर तुमचा आणि शेजारच्या दुकानाचा व्हिडिओ सारखाच दिसणार. मग गिऱ्हाईक लक्षात कोणाला ठेवणार?

खालचे आकडे आफ्टर इफेक्ट्ससाठी आहेत. व्हिडिओ उभा, 1080 बाय 1920, सेकंदाला 25 फ्रेम.

भाग 1: सरकणारी पट्टी (मोशन टाइल)

1. 216 बाय 216 ची वेगळी कॉम्पोझिशन करा आणि तिच्यात एकच कमळ किंवा तोरणाचं एकच पान काढा. हा आपला एक 'घर'. 216 का? कारण 1080 भागिले 216 म्हणजे बरोबर 5. 200 घेतलं तर 5.4 घरं येतात आणि कडेला अर्धवट कमळ तुटलेलं दिसतं.
2. नक्षी घराच्या उजव्या कडेला ज्या उंचीवर संपते, त्याच उंचीवर डाव्या कडेला सुरू झाली पाहिजे. नाहीतर जोड दिसतो.
3. हे घर मुख्य कॉम्पोझिशनमध्ये आणा, आडवं मधोमध ठेवा. इफेक्ट, मग स्टायलाइझ, मग मोशन टाइल. आउटपुट विड्थ 500 करा. हा आकडा टक्क्यांत असतो, म्हणून 216 ची 1080 होते.
4. टाइल सेंटरला 0 सेकंदावर कीफ्रेम द्या: 108, 108. बरोबर 4 सेकंदांवर दुसरी: 324, 108. म्हणजे पट्टी नेमकी एक घर सरकली.

मिरर एजेस चालू केलंत तर एक घर सरळ आणि पुढचं उलटं येतं. मग नक्षी दोन घरांनी परत जुळते. अशा वेळी 216 नाही, 432 सरकवा, म्हणजे दुसरी कीफ्रेम 540, 108.

भाग 2: फिरणारी प्रभावळ (रिपीटर)

1. काहीही सिलेक्ट न करता नवीन शेप लेयर घ्या. अ‍ॅड मेनूतून एलिप्स, फिल आणि शेवटी रिपीटर टाका. एलिप्स लांबट करा, ही एक पाकळी. एलिप्स पाथची पोझिशन 0, -300 ठेवा, म्हणजे पाकळी केंद्रापासून लांब जाईल.
2. रिपीटरमध्ये कॉपीज 24. ट्रान्सफॉर्म उघडून पोझिशन 0, 0 करा (आधी तिथे 100 असतं, म्हणून पाकळ्या रांगेत दिसतात) आणि रोटेशन 15. 24 गुणिले 15 म्हणजे 360, गोल पूर्ण.
3. आता लेयरचं रोटेशन 4 सेकंदांत 0 ते 15 करा. हो, फक्त 15! पूर्ण फेरी लागतच नाही. 15 अंशांनी प्रत्येक पाकळी पुढच्या पाकळीच्या जागी येते, चित्र पहिल्यासारखंच दिसतं.

दोन्ही भागांचा नियम एकच: एका घराइतकंच सरकवा, मग पुन्हा पहिल्यापासून.

झटका का बसतो?

25 फ्रेमच्या हिशोबाने 4 सेकंद म्हणजे 100 फ्रेम, 0 ते 99. शंभरावी फ्रेम हुबेहूब शून्यावीसारखी असते. तीही रेंडर केली तर एकच चित्र लागोपाठ दोनदा दिसतं आणि पट्टी क्षणभर अडकते. म्हणून कॉम्पोझिशन 5 सेकंदांची घ्या, कीफ्रेम 4 सेकंदांवरच ठेवा, पण वर्क एरिया 3 सेकंद 24 फ्रेमवर संपवा. त्या फ्रेमवर जाऊन एन दाबा, झालं. दुसरं कारण म्हणजे ईझी ईझ. त्याने प्रत्येक फेरीच्या शेवटी वेग मंदावतो. इथे कीफ्रेम साध्या लिनियरच हव्यात. तयार तुकडा एडिटिंगमध्ये चार वेळा जोडा, 16 सेकंद अखंड चालेल.

आफ्टर इफेक्ट्सला दरमहा पैसे लागतात. सुरुवातीला ते नको असतील तर डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतलं फ्यूजन वापरा. तिथे ट्रान्सफॉर्म नोडमध्ये एजेस रॅप केलं की नक्षी पसरते. बटणं वेगळी, नियम तोच.

आपला साचा जपून ठेवा

इफेक्ट कंट्रोल्समध्ये मोशन टाइल सिलेक्ट करा, अ‍ॅनिमेशन मेनूतून सेव्ह अ‍ॅनिमेशन प्रीसेट. कीफ्रेमसुद्धा त्यात जातात. दिवाळीला तेवढ्याच मापाच्या घरात कमळाऐवजी पणती काढायची आणि हाच प्रीसेट लावायचा. लावताना टाइम इंडिकेटर शून्यावर हवा, कारण तो जिथे असेल तिथून कीफ्रेम सुरू होतात.

आता धंद्याचं बोलू

गिऱ्हाईक नक्षी बघायला थांबलेलं नाही. त्याला मूर्ती, उंची, किंमत आणि फोन नंबर हवा आहे. म्हणून नंबरच्या मागे काहीही हलू देऊ नका, तिथे सपाट रंग ठेवा. बारीक रेषांची नक्षी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की दाबली जाऊन तिचा चिखल होतो. रेषा जाड, रंग मोजके. आणि पट्टी हलत असेल तर मूर्ती स्थिर ठेवा. दोन्ही हलली तर नजर कुठेच ठरत नाही.

दुसऱ्यांसाठी व्हिडिओ करून पैसे कमवायचे असतील, तर दर ठरवतानाही साचा आणि आखणी वेगळे धरा. साचा बनवायचे पैसे एकदाच. नवं घर काढणं, रंग आणि मजकूर बसवणं याचे दरवेळी. "प्रीसेट तर तयारच आहे, मग पैसे कसले?" असं कारखानदाराने विचारलं, तर त्याच्याच कारखान्यातलं उत्तर द्या: साचा तर तुमच्याकडेही तयारच आहे, मग आखणीवाल्याला मजुरी का देता? त्याला लगेच पटेल.

गृहपाठ: तुमच्या धंद्यातली एकच वस्तू घ्या, पापड, बांगडी, नट-बोल्ट काहीही. तिचं 216 चं घर करा आणि 4 सेकंदांची पट्टी बनवा. मोबाईलवर लूप लावून दहा फेऱ्या बघा. जोड सापडला नाही, तर समजा साचा जमला. मग आखणीला बसा!