होईस्टच्या गर्डरचा जोड

"पी एल बाय फोर" हे सूत्र मी एस.ओ.एम.च्या पेपरात किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. ते कळलं मात्र इन-प्लँट ट्रेनिंगमध्ये, एका छोट्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये, तेही मेस्त्रींकडून.

काम होतं २ टनी होईस्टच्या ट्रॅकचं. दोन टेकूंमधलं अंतर ६ मीटर, सेक्शन आयएसएमबी २५०. अख्खी लांबी शिल्लक नव्हती, तुकडेच होते. मी ऐटीत स्केच काढलं: ३-३ मीटरचे दोन तुकडे, जोड मधोमध, वेबला आणि दोन्ही फ्लँजना दोन्ही बाजूंनी प्लेटा, वर बोल्ट. मेस्त्रींनी ट्रॉलीचं चाक उचललं, माझ्या स्केचमधल्या खालच्या फ्लँजवर ठेवलं आणि विचारलं, "इंजिनियर साहेब, गाडी इथं उडी मारणार का?"

मित्रांनो, होईस्टचा गर्डर इथेच बिल्डिंगच्या बीमपेक्षा वेगळा. ट्रॉलीची चाकं खालच्या फ्लँजच्या वरच्या पृष्ठभागावरून धावतात. तिथे प्लेट नको, बोल्टचं डोकं नको, वेल्डचा उंचवटासुद्धा नको. म्हणजे खालचा फ्लँज बट वेल्डनेच जोडायचा, तोही पूर्ण जाडीत.

दुसरा प्रश्न जागेचा. गर्डरचं स्वतःचं वजन सोडा. भार मधोमध आला की मोमेंट २ × ६ ÷ ४, म्हणजे ३ टन-मीटर. टेकूपासून १ मीटरवरच्या छेदाला जास्तीत जास्त २ × १ × ५ ÷ ६, म्हणजे सुमारे १.६७. जवळजवळ निम्मा! तर मग ५ मीटर आणि १ मीटर असे तुकडे घेतले.

फ्लँजच्या कडा तिरक्या घासून व्ही केला. वेबमध्ये अर्धगोल खाच ठेवली, म्हणजे फ्लँजचं वेल्ड वेबखालूनही अखंड जातं. फ्लँजच्या दोन्ही कडांना त्याच जाडीचे छोटे तुकडे टॅक करायचे असतात. वेल्डची सुरुवात आणि शेवट, म्हणजे सगळ्यात कच्चा भाग, त्या तुकड्यांत जातो. नंतर ते कापून टाकायचे. टॅक करायचं काम माझ्याकडे होतं. एका बाजूचा तुकडा मी लावलाच नाही. "एवढ्याशा तुकड्याने काय होतंय," असं वाटलं, दुसरं काय!

वेल्ड झालं, ग्राइंडर गर्डरच्या लांबीच्या दिशेने फिरवून (आडवा फिरवला तर ओरखडे ताणाला आडवे पडतात) पृष्ठभाग आरशासारखा केला. डोळ्यांना जोड दिसेना. मग डाय टेस्ट. लाल रंग मारला, थांबलो, पुसला, पांढरा डेव्हलपर फवारला. त्या पांढऱ्यावर हळूहळू एक लाल रेघ उमटली, नखाएवढी. बरोबर त्याच कडेला.

मेस्त्री ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "याच्या खाली माणसं काम करणार आहेत." तेवढा भाग खरवडून काढला, या वेळी तुकडा लावून परत भरला, परत घासला, परत डाय मारली. संध्याकाळ गेली.

गर्डर चढवल्यावर २.५ टनांची चाचणी, म्हणजे सव्वापट. खाली कुणाला उभं राहू दिलं नाही. साखळी ओढत ट्रॉली जोडावरून नेताना माझे हात घामाने ओले. मेस्त्री कान देऊन उभे होते. "ठक" आवाज आला नाही. तेव्हा कुठे त्यांनी चहा मागवला.