हलक्या लॅपटॉपचा पुरता हिशेब

पुण्यात धंद्याचा लॅपटॉप पाठीवर फिरतो. कोथरूडहून हिंजवडी, हडपसरहून शिवाजीनगर, तेही बहुतेक वेळा दुचाकीवर, खड्ड्यांतून आणि जूनपासून पावसातून. त्यामुळे सीए असो, विमा प्रतिनिधी असो की स्वतःची छोटी कंपनी चालवणारा सल्लागार, दुकानात गेल्यावर पहिली मागणी ठरलेली: वजनाला हलका दाखवा. मागणी रास्तच आहे. पण हलकेपणासाठी जे मोजावं लागतं, ते किमतीच्या चिठ्ठीवर पुरतं लिहिलेलं नसतं. काही खर्च नंतर निघतात आणि काही गोष्टी तर नंतर पैसे टाकूनही मिळत नाहीत. म्हणून खरेदीआधीच कागद-पेन घेऊन बसा.

आधी वजनाचं. २००८च्या जानेवारीत पहिला मॅकबुक एअर आला, तो १.३६ किलोचा होता आणि तेव्हा त्याचं केवढं अप्रूप होतं. आज त्याच मालिकेतला १३ इंची १.२४ किलोचा आहे आणि थिंकपॅड एक्स-वन कार्बनसारखी यंत्रं एक किलोच्या आसपास आली आहेत. साधारण ६०-७० हजारांच्या लॅपटॉपचं वजन १.४ ते १.६ किलो असतं. तिथून १.२ किलोपर्यंत उतरायला ९० हजार ते सव्वा लाख लागतात आणि एक किलोला पोचायचं तर दीड लाखाच्या पुढे जावं लागतं. (भाव ढोबळ धरा, २०२५च्या अखेरीपासून मेमरी चिप महागल्यामुळे ते सारखे हलताहेत.) माझं मत विचाराल तर १.३-१.४ किलोला थांबावं. पाठीला जाणवतं ते पिशवीचं एकूण वजन, आणि त्यात चार्जर असतोच. जुन्या घडणीचा जाडजूड चार्जर तीनशे-चारशे ग्रॅम भरतो. त्याऐवजी ६५ वॅटचा छोटा टाइप-सी चार्जर वापरला, तर दोन-तीन हजारांत जवळपास पाव किलो कमी होतं. तेच पाव किलो लॅपटॉपमधून कमी करायला तीस हजार जातात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा मदरबोर्डवरच जोडून टाकलेली असते. पूर्वी आठ जीबीचा घेऊन दोन वर्षांनी तपकीर गल्लीच्या आसपास कुणाकडून तरी पट्टी वाढवून घ्यायची सोय होती. या यंत्रांत ती नाही. घेताना जितकी, तितकी शेवटपर्यंत. म्हणून आठ जीबीचा लॅपटॉप धंद्यासाठी घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. सोळा हा किमान आकडा. चार-पाच वर्षं वापरायचा असेल आणि मोठ्या एक्सेल फायली, सोबत व्हिडिओ कॉल असं रोजचं काम असेल, तर बत्तीसचा विचार करा. त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी घ्या. एसएसडी मात्र बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये बदलता येते, तिथे ५१२ जीबीवर भागतं.

पडद्यावर कंजूषी सहज खपून जाते, कारण दुकानातल्या प्रकाशात सगळेच पडदे चांगले दिसतात. माहितीपत्रकात दोन आकडे शोधा. ‘२५० निट्स, ४५ टक्के एनटीएससी’ लिहिलं असेल तर रंग फिके दिसतील आणि खिडकीजवळ बसून काम करणं जड जाईल. ३०० निट्स चालतील, ४०० उत्तम. पृष्ठभाग चकचकीत नसलेला बरा. यंत्र हातात आलं की झाकण एका बोटाने उघडून पाहा, कीबोर्डच्या मधोमध अंगठ्याने दाबून पाहा. तिथे तो खाली दबत असेल, तर पातळपणा मजबुतीतून काढलेला आहे. मराठीत टंकलेखन करत असाल तर तिथेच चार ओळी टाइप करा. विक्रेता घाई करू लागला तरी करा. चार वर्षं बोटं तुमचीच चालणार आहेत.

पोर्टांचा मुद्दा आपल्याकडे जास्त अडचणीचा आहे. कंपन्यांचा जीएसटी, कंपनी कायद्याची विवरणपत्रं, शासकीय निविदा, सगळीकडे डिजिटल सहीचं टोकन लागतं आणि बाजारातली बहुतेक टोकनं जुन्या, रुंद यूएसबीची आहेत. फक्त टाइप-सी असलेला लॅपटॉप घेतला तर प्रत्येक सहीसाठी जोडणी (हब) शोधत बसावं लागेल. अशिलाकडे प्रोजेक्टरला एचडीएमआय लागतं. चांगली जोडणी दीड ते चार हजारांना येते. टेबलावर कायम ठेवायचा पूर्ण डॉक दहा-पंधरा हजारांच्या पुढे. मॅकबुक एअरचा मोह अनेकांना होतो. एम-४ चिपचा एअर २०२५च्या मार्चमध्ये भारतात ९९,९०० रुपयांपासून आला, आणि वजन, बॅटरी, बांधणी पाहता तो पैसे वसूल करून देतो. पण टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे आणि श्रीलिपीवर वर्षानुवर्षं साठवलेला मजकूर असलेल्यांचंही गाडं विंडोजवरच चालतं. तुमचं काम यावर असेल तर मॅकच्या वाटेला जाऊ नका.

बॅटरीसाठी पुण्याचा गुरुवार हीच कसोटी पुरेशी आहे. देखभालीसाठी सकाळी वीज गेली की दुपार होते, आणि कॉल काही थांबत नाहीत. जाहिरातीतल्या तासांच्या निम्मे ते दोन-तृतीयांश प्रत्यक्षात मिळतात असं धरा. क्षमता वॅट-अवरमध्ये दिलेली असते. पन्नासच्या वर असेल तर सहसा अर्धा दिवस निघतो.

वॉरंटीवर लोक पैसे वाचवतात आणि तिथेच फसतात. धंद्यासाठीच्या मालिकांचा खरा फायदा तंत्रज्ञ तुमच्या कार्यालयात येऊन दुरुस्ती करतो यात आहे. पण भारतात विकली जाणारी कितीतरी मॉडेल्स एकाच वर्षाच्या वॉरंटीने येतात. ती तीन वर्षांची करून घ्या आणि शक्य असेल तर अपघाती नुकसानीचं संरक्षणही जोडा. पातळ यंत्रात सगळं मदरबोर्डवर असल्यामुळे एक भाग बिघडला तरी अख्खा बोर्ड बदलतात, आणि त्याचं बिल लॅपटॉपच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाच्याही पुढे जाऊ शकतं. पैसे देण्याआधी खोक्यावरचा सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कुठल्या तारखेपासून सुरू झाली ते बघा. शोकेसमध्ये सहा महिने पडलेला माल इथेच पकडला जातो.

आता हिशेब. समजा लॅपटॉप ८५,००० रुपयांचा. तीन वर्षांच्या वॉरंटीचे ८,०००, जोडणी २,५००, दुसरा छोटा चार्जर ३,०००, पाऊसरोधक आवरण आणि आतली पिशवी १,५००, बॅकअपसाठी बाहेरची डिस्क ६,०००. झाले १,०६,०००. चार वर्षं वापरलात तर महिन्याला साधारण २,२०० रुपये. ऑफिस सॉफ्टवेअर आलेलं नसेल तर ते वेगळं. आलेलं असेल तर ‘होम अँड स्टुडंट’ आवृत्ती धंद्याच्या कामाला परवानगी देत नाही, हे पाहून घ्या. विंडोजही प्रो असलेली बरी.

जीएसटी नोंदणी असेल तर यातून काही परत येतं. लॅपटॉपवर १८ टक्के कर आहे, म्हणजे ८५,००० मध्ये १२,९६६ रुपये कराचे. बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक हवा. ऑनलाइन खरेदीत तो ऑर्डर देण्यापूर्वीच टाका. विक्रेत्याने बिल आपल्या जीएसटी विवरणपत्रात वेळेवर दाखवलं नाही तर ते तुमच्या २बी विवरणात दिसत नाही आणि क्रेडिट अडकतं. उरलेल्या ७२,०३४ वर प्राप्तिकरात ४० टक्के घसारा मिळतो, पहिल्या वर्षी २८,८१४ रुपये. मात्र त्या आर्थिक वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर निम्माच. म्हणजे यंत्र ३ ऑक्टोबरपर्यंत वापरात यायला हवं. मग दसरा-दिवाळीच्या सवलतीसाठी थांबावं का? तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर या निम्म्या घसाऱ्याने त्या वर्षी साधारण साडेचार हजारांचा कर जास्त बसतो, पण तो घसारा पुढच्या वर्षांत मिळतो, बुडत नाही. तेव्हा खरी सवलत पाच-सात हजारांची असेल तर थांबा. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत विवरण भरणाऱ्यांना घसारा वेगळा मिळत नाही, त्यांनी नुसती किंमत पाहावी.

बजेट ४० हजारांच्या आत असेल तर नवा स्वस्त लॅपटॉप घेण्याऐवजी मोठ्या कंपन्यांनी परत केलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक बघा. आयटी कंपन्यांमुळे पुण्यात हा माल भरपूर येतो. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे विंडोज ११ न चालणारा, म्हणजे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा नको. बॅटरी रिपोर्ट समोर काढून घ्या: मूळ क्षमतेच्या ७० टक्क्यांखाली असेल तर बदलीचा खर्च किमतीतून कापून मागा. आणि यंत्र रिसेट करून, इंटरनेट जोडून पहिल्यापासून सुरू करायला लावा. पडद्यावर जुन्या मालक कंपनीचं नाव आलं तर ते अजून त्यांच्या कुलपात आहे, तिथून उठा.

पुणं हे ग्राहक चळवळीचं गाव. बिंदुमाधव जोशींनी १९७४मध्ये ग्राहक पंचायत इथेच सुरू केली. तरीही धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूबद्दल ग्राहक आयोगात दाद मागता येत नाही, असं सांगून दुकानदार वाटेला लावतात. ते अर्धवट खरं आहे. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर आहे. पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी जी घेतली आणि स्वतः वापरली, ती कायद्यात बसते. एकट्याने व्यवसाय करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आधी विक्रेता आणि कंपनी दोघांना लेखी तक्रार द्या, मग १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंदवा. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. दुकानातली छापील बिलं वर्षभरात पुसट होतात, तेव्हा घरी पोचण्याआधीच बिलाचा आणि सिरियल नंबरचा फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेवा.