पोटातील जिवाणू व शरीराचे पोषण

शिरूर व दौंड तालुक्यांत घोड आणि भीमा या नद्यांच्या परिसरातील अनेक कुटुंबांचा संसार ऊस व दूध यांवर चालतो. गाय वाढे, कडबा व आंबोण खाते. परंतु त्यांतील पुष्कळसा भाग ती स्वतः पचवू शकत नाही. ते काम तिच्या कोटीपोटातील असंख्य सूक्ष्म जिवाणू करितात.

जिवाणूंचे कार्य

हे जिवाणू चाऱ्यातील तंतू आंबवून त्यांची सौम्य आम्ले बनवितात. गाईला लागणारी बहुतेक शक्ती या आम्लांपासूनच मिळते. ते जीवनसत्त्व ब-१२ देखील तयार करितात. त्याकरिता कोबाल्ट हा क्षार अल्प प्रमाणात लागतो; म्हणून आंबोणात क्षारमिश्रण घालणे आवश्यक आहे. एकाएकी भरडा किंवा धान्य फार दिल्यास कोटीपोटातील आम्लता वाढते, उपयुक्त जिवाणू मरतात व जनावर चारा सोडते. आहारातील बदल हळूहळू करावा, तो याच कारणाने.

मनुष्याच्या मोठ्या आतड्यातही जिवाणू असतात. भाकरी, कडधान्ये व भाजीपाला यांतील तंतूंपासून ते अशीच आम्ले बनवितात. ती आतड्याच्या अस्तराचे पोषण करितात आणि रक्तातील साखर आटोक्यात राहण्यासही साहाय्यक ठरतात. मात्र एक मोठा भेद आहे. मोठ्या आतड्यात तयार झालेले ब-१२ मनुष्याच्या उपयोगी पडत नाही. कारण ते शोषून घेण्याची जागा त्याच्या अलीकडे, लहान आतड्याच्या शेवटी आहे. म्हणून मनुष्याला ते दूध, अंडी, मासे अथवा मांस यांतूनच घ्यावे लागते. शाकाहारी कुटुंबास दूध व दही हाच मुख्य आधार होय.

पुण्याजवळील अभ्यास

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुणे शहराजवळील सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला. सुमारे दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ कमी असल्याचे आढळून आले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या मातांच्या रक्तात ब-१२ कमी व फॉलिक आम्ल अधिक होते, त्यांची मुले सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या शरीराचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सर्वांत मंद होता. असा मंद प्रतिसाद पुढे मधुमेहाकडे नेऊ शकतो. याचा अर्थ फॉलिक आम्लाच्या गोळ्या बंद कराव्यात असा मुळीच नाही. त्यांच्या जोडीला ब-१२ ची उणीव भरून काढली पाहिजे, इतकाच आहे. त्या मुलामुलींना तरुण वयातच ब-१२ देऊन पुढील पिढीवर काय परिणाम होतो, हे पाहण्याचा प्रयोग २०१२ साली सुरू झाला.

घरच्या दुधाचा प्रश्न

एक लिटर दुधात सुमारे ३ ते ४ मायक्रोग्रॅम ब-१२ असते. प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे २ मायक्रोग्रॅम आहे. गोठ्यात गाय असूनही सगळे दूध संकलन केंद्रावर जाते आणि घरच्या गरोदर सुनेच्या वाट्याला केवळ चहातील दूध येते, ही स्थिती इष्ट नव्हे. पेलाभर दुधाचे पैसे लवकर हाती पडतात. त्याच्या अभावाची किंमत मात्र पुढच्या पिढीला मोजावी लागते.

ग्रामीण कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी शेतकरी कुटुंबांस समजावून द्याव्यात :

१. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या मुली आणि बालके यांच्याकरिता दूध प्रथम बाजूस काढून मगच उरलेले विक्रीस न्यावे.

२. दूध उकळून घ्यावे. परंतु फार वेळ आटवीत ठेवू नये.

३. बाजरी-ज्वारीची भाकरी, मटकी, हुलगा व पालेभाज्या रोजच्या जेवणात ठेवाव्यात.

४. जिवाणूनाशक औषधे माणसास अथवा जनावरास डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून देऊ नयेत. त्यांनी उपयुक्त जिवाणूही मरतात.

५. थकवा, हातापायांस मुंग्या किंवा फिकटपणा आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी.