गरिबी कशाने कमी होते? शेतातील प्रयोगाची कसोटी



नांदेड, लातूर भागात सोयाबीनच्या पेरणीपूर्वी दरवर्षी एखादी नवी निविष्ठा बाजारात येते. एखाद्याने ती वापरली, त्या वर्षी पाऊसही वेळेवर झाला आणि एकरी उतारा वाढला, की शेजारी उसनवारी करून तीच आणतात. उतारा निविष्ठेमुळे वाढला की पावसामुळे, हे कळण्यासाठी त्याच शेतात निविष्ठा न वापरलेला पट्टा हवा. त्यालाच नियंत्रण प्लॉट म्हणतात.

गरिबी हटविण्याच्या योजनांचेही तसेच आहे. योजना घेतलेले कुटुंब सुधारले, म्हणजे ते योजनेमुळेच सुधारले असे नाही. मुळात पाण्याची सोय असलेले, धडपडे कुटुंब योजनेपर्यंत बहुधा आधी पोहोचते.

चिठ्ठी कशासाठी?

चांगल्या जमिनीचा फायदा एकाच उपचाराला मिळू नये, म्हणून कोणत्या प्लॉटला कोणता उपचार हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, ही पद्धत रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधील रॉथमस्टेड प्रक्षेत्रावर १९२० च्या दशकात रूढ केली. आपल्याकडे पानसे व सुखात्मे यांच्या १९५४ च्या ग्रंथातून कृषी पदवीधरांच्या पिढ्या ती शिकल्या. डॉ. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे.

पुढे अर्थशास्त्रज्ञांनी प्लॉटऐवजी गावे, शाळा व कुटुंबे घेतली. या कार्याबद्दल अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व मायकेल क्रेमर यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रयोगांत काय आढळले?

१) मुंबई : महापालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांसाठी 'प्रथम' संस्थेने बालसखी नेमल्या. काही शाळांत एका इयत्तेला, तर काहींत दुसऱ्या इयत्तेला बालसखी मिळाली. त्यामुळे कोणतीही शाळा वंचित राहिली नाही आणि तुलनाही झाली. मुलांचे गुण वाढले.

२) केनिया : मक्याला दर खड्ड्यास अर्धा चमचा वरखत देणे किफायतशीर ठरले, शिफारशीचा पूर्ण संच मात्र बहुतेकांना परवडला नाही. तसेच सुगीनंतर हातात पैसा असतानाच खत विकत घेण्याची व घरपोच मिळण्याची सोय केली, तेव्हा खताचा वापर बराच वाढला.

३) हैदराबाद : वस्त्यांत लघुकर्ज उपलब्ध झाल्यावर काहींचे धंदे वाढले, पण सरासरी घरखर्चात वाढ दिसली नाही.

४) मुर्शिदाबाद (पश्चिम बंगाल) : अतिगरीब कुटुंबांना शेळ्या, गाय यांसारखे उत्पन्नाचे साधन, काही काळ निर्वाह भत्ता व नियमित मार्गदर्शन दिले. दहा वर्षांनंतरही ती कुटुंबे तुलनेतील कुटुंबांपेक्षा सुस्थितीत आढळली. उस्मानाबादी शेळी पाळणाऱ्या आपल्या भागाने याची विशेष नोंद घ्यावी. नुसते जनावर देऊन भागत नाही. ते विकण्याची वेळ येऊ नये म्हणून सुरुवातीचा आधारही लागतो.

आपल्या शेतात प्रयोग असा करा

रुंद वरंबा सरीवरील सोयाबीनचे उदाहरण घेऊ.

१) उताराचा विचार करून शेताचे वरचा, मधला व खालचा असे तीन भाग करा. प्रत्येकात दोन सारखे पट्टे आखा.
२) कोणत्या पट्ट्यात रुंद वरंबा सरी आणि कोणत्यात नेहमीची पेरणी, हे प्रत्येक भागात चिठ्ठी टाकून ठरवा.
३) वाण, खत, पेरणीची तारीख व फवारणी सर्व पट्ट्यांत सारखी ठेवा.
४) प्रत्येक पट्ट्याची मळणी व वजन स्वतंत्र करा. मजुरी, भाडे व बियाणे यांचा खर्च वहीत लिहा.
५) उत्पादनाच्या किमतीतून खर्च वजा करा. उत्पादन वाढले तरी निव्वळ उत्पन्न घटू शकते.
६) एका हंगामावर निष्कर्ष काढू नका. कमी व जास्त पावसाची दोन-तीन वर्षे पाहा.

बचत गटाकडे शेळ्यांचे गट मागणीपेक्षा कमी आले, तर आधी पात्रता ठरवून पात्र कुटुंबांतून सर्वांसमक्ष चिठ्ठ्या काढाव्यात. ज्यांना गट मिळाला नाही त्यांचीही नोंद ठेवावी. वशिल्याची तक्रार राहत नाही आणि योजनेचा खरा लाभही कळतो.

कोरडवाहू शेतकऱ्याला एक चुकीचा खर्च पुढचे दोन हंगाम फेडावा लागतो. म्हणून कर्ज काढून संपूर्ण शेतावर नवा उपाय करण्यापूर्वी तो काही पट्ट्यांवर पारखून घ्या.