घरगुती ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोनची निवड

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत सिलतरा ही औद्योगिक वसाहत आहे. स्पंज आयर्नचे कारखाने, पोलाद वितळविणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल येथे रात्रंदिवस चालू असतात. मालमोटारींची वर्दळही मध्यरात्री थांबत नाही. अशा ठिकाणी राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबास घरातील वृद्ध आजीच्या तोंडच्या ओव्या, किंवा जवळच्या गावातील गायकाची पंडवानी मुद्रित करून ठेवावीशी वाटली, तर त्याची पहिली अडचण मायक्रोफोनच्या किमतीची नसते. ती भिंतीपलीकडील घरघरीची असते. गाणाऱ्याचे वय झाले असल्यास मुद्रणाची संधी पुन्हा मिळेलच असे नाही. स्वरात एकदा मिसळलेली घरघर संगणकाच्या साहाय्याने पुढे कमी करता येते खरी, परंतु तिच्याबरोबर स्वराचाही काही अंश जातो. म्हणून निवडीचा विचार दुकानात नव्हे, तर खोलीत बसून करावयास हवा.

घरगुती वापरातील मायक्रोफोन मुख्यतः दोन प्रकारचे असतात. डायनॅमिक प्रकारात एका पातळ पडद्याला बारीक तारेचे वेटोळे जोडलेले असते. ध्वनिलहरींनी पडदा हलला की वेटोळे चुंबकीय क्षेत्रात हलते व त्यात क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो. व्यासपीठावर सर्वत्र दिसणारा शुअर कंपनीचा एसएम ५८ हा १९६६ मध्ये आलेला मायक्रोफोन याच जातीचा. कंडेन्सर प्रकारात वेटोळे नसते; अत्यंत हलका पडदा आणि त्यामागील धातूची तबकडी यांमधील अंतर बदलल्यामुळे विद्युत्-संदेश उत्पन्न होतो. त्यासाठी बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. विद्युत्भार कायम धरून ठेवणारा पडदा बेल प्रयोगशाळेतील गेऱ्हार्ड सेसलर व जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये तयार केला आणि त्यामुळे कंडेन्सर मायक्रोफोन पुढे फार स्वस्त झाले.

कंडेन्सर अधिक संवेदनशील, म्हणून तो अधिक चांगला, अशी एक समजूत आहे. डायनॅमिक मायक्रोफोन दूरचा गोंगाट ऐकतच नाही, ही तिच्या उलट समजूतही तितकीच प्रचलित आहे. दोन्ही अर्धसत्य आहेत. गाणारा त्याच अंतरावर असेल आणि ग्रहणाची दिशा सारखी असेल, तर गोंगाट व गाणे यांचे प्रमाण दोहोंत जवळजवळ सारखेच राहते. डायनॅमिक मायक्रोफोन उपयोगी ठरतो तो मुख्यतः तोंडाजवळ धरला जातो म्हणून. अंतर निम्मे केले की गाणाऱ्याचा आवाज सहा डेसिबेलने वाढतो. ६० सेंटिमीटरवरून १५ सेंटिमीटरवर आल्यास बारा डेसिबेल मिळतात. कारखान्याची घरघर मात्र होती तितकीच राहते. इतका लाभ बाजारातील कोणताही महागडा मायक्रोफोन देऊ शकणार नाही.

अंतराच्या खालोखाल दिशेचे महत्त्व आहे. हृदयाकृती ग्रहणक्षेत्राचा मायक्रोफोन समोरचे चांगले ऐकतो, मागचे जवळजवळ ऐकत नाही. सर्व बाजूंनी येणारा गोंगाट तो चोहीकडचे ऐकणाऱ्या मायक्रोफोनच्या तुलनेत सुमारे पाच डेसिबेलने कमी घेतो. यावरून एक चमत्कारिक वाटणारा नियम निघतो: रस्त्याकडील खिडकी गाणाऱ्याच्या पाठीशी नसावी, त्याच्या समोर असावी. तसे केल्यास खिडकी मायक्रोफोनच्या बहिऱ्या बाजूस येते. गाणाऱ्याच्या पाठीमागील भिंतीवर मात्र जाड गोधड्या टांगाव्यात, नाहीतर तीच भिंत गोंगाट परतवून मायक्रोफोनच्या तोंडात घालील. गोधडी वरच्या स्वरांचा निनाद शोषते; भट्टीची खोल गुणगुण तिला जुमानत नाही.

त्या गुणगुणीसाठी यंत्रावर खालचे स्वर कापण्याची सोय असते. ती वापरताना तारतम्य हवे. काळी एक या पट्टीत लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर सुमारे ६९ हर्ट्झ असतो. शंभर हर्ट्झखालचे सारे कापले तर खर्जाचा व डग्ग्याचा भरदारपणा जातो. एकट्या स्त्रीस्वरास त्याची झळ लागत नाही. उलट, हृदयाकृती मायक्रोफोन फार जवळ आणल्याने खालच्या स्वरांना येणारा कृत्रिम फुगवटा त्यामुळे आटोक्यात येतो.

आता प्रत्यक्ष गाण्याकडे वळू. पंडवानीच्या वेदमती शैलीत गायक बसून कथा सांगतो. त्याच्यासाठी तोंडाजवळचा एक डायनॅमिक मायक्रोफोन पुरेसा आहे. तीजनबाईंनी गाजविलेल्या कापालिक शैलीत मात्र गायिका हाती तंबुरा घेऊन उभी राहते, वळते, पात्रांचा अभिनय करते. स्थिर मायक्रोफोनपुढे तिला जखडून ठेवणे म्हणजे पंडवानीच बंद पाडणे होय. तेथे वस्त्रास अडकविण्याचा छोटा कंडेन्सर घ्यावा आणि थोडा अधिक गोंगाट पत्करावा. साथीदारांसाठी दुसरा मायक्रोफोन ठेवल्यास, गायकापासून त्याच्या मायक्रोफोनचे जे अंतर असेल त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन मायक्रोफोनमध्ये राखावे. यूएसबी पद्धतीचा मायक्रोफोन थेट संगणकास जोडता येत असला, तरी असे दोन एकत्र चालविणे त्रासाचे ठरते.

ओव्यांची गोष्ट निराळी. गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह केला. या गाण्यात जात्याची घरघर हा गोंगाट नव्हे, ती लय आहे. दोघी समोरासमोर बसून दळत असतील तर पुढून व मागून सारखेच ऐकणारा, इंग्रजी आठच्या आकृतीच्या ग्रहणक्षेत्राचा मायक्रोफोन दोघींच्या मध्ये, जात्याच्या थोडा वर ठेवावा आणि त्याची बहिरी कड खिडकीकडे करावी.

सिलतऱ्याच्या हवेचाही विचार हवा. डायनॅमिक मायक्रोफोनमधील चुंबक लोहकणांना ओढून घेतो. ते जाळीतून आत गेले तर पडद्याची हालचाल बिघडते. पावसाळ्यातील दमटपणाने कंडेन्सर चरचरू लागतो. काम झाले की पहिला कापडी पिशवीत आणि दुसरा सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

एकाच मायक्रोफोनपुरते पैसे असतील, तर हृदयाकृती डायनॅमिक घ्यावा; मात्र त्याचा संदेश क्षीण असल्याने पन्नास-साठ डेसिबेल वर्धन देऊनही खरखर न करणारा ऑडिओ इंटरफेस पाहावा. खरेदीपूर्वी उसन्या आणलेल्या यंत्रावर गाणारीला तिच्या नेहमीच्या जागी बसवून पहाटे, दुपारी व रात्री एकेक ओवी मुद्रित करावी, आणि प्रत्येक वेळी आधी एक मिनिट नुसती खोली मुद्रित करावी.