मुलं नाकातलं का खातात?
नाकातला शेंबूड धूळ, धूर आणि रोगजंतू अडवतो. तो वाळला की मेकूड होते, नाक खाजते आणि बोट आपोआप आत जाते. चव खारट, शिवाय लहान मुलाला किळस अजून कळत नसते. म्हणून ते खाते. खाल्ल्याने सहसा अपाय होत नाही. शेंबूड आपण सगळेच नकळत गिळतो. अपाय करते ते बोट: नखांतून जंतांची अंडी पोटात जातात, नाक खरचटून रक्त येते. म्हणून मुलाला मारू नका, चारचौघांत लाजवू नका. नखे कापा, साबणाने हात धुवा, रुमाल द्या. मात्र एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर आत मणी, चणा किंवा बटणासारखा सेल अडकलेला असू शकतो. घरी कोरून काढू नका. ताबडतोब दवाखान्यात न्या.